हॉस्पिटलच्या सॉफ्टवेअरसाठी डॉक्टर-सिस्टरना नक्की कधी विचारायचं?

अर्धवट_कोडर:
आमची टीम अ‍ॅडमिट पेशंटचा औषधांचा चार्ट कागदावरून कॉम्प्युटरवर आणतेय. सल्लागार म्हणून एक सीनियर डॉक्टर मिळालेत, माणूस एकदम भला, पण महिन्यातून एकदा डेमोला येतात, छान आहे म्हणतात, एखादा रंग बदलायला सांगतात आणि फोन वाजला की निघतात. आता एका वॉर्डात ट्रायलला दिलंय तर सिस्टर कागदावरच लिहितायत आणि ड्यूटी संपताना सगळं एकदम भरतायत. मॅनेजर म्हणतात ट्रेनिंग कमी पडलं. मला नाही पटत. डॉक्टरांना कुठल्या टप्प्यावर घ्यायचं आणि त्यांना वेळच नसेल तर काय करायचं?

रात्रपाळी:
ट्रेनिंगचं काही नाही हो. रात्री पेशंटला जास्त दुखायला लागतं, डॉक्टर दुसऱ्या मजल्यावर इमर्जन्सीत, फोनवर सांगतात अमुक इंजेक्शन द्या, मी परत वाचून दाखवते आणि देते. ते येऊन ऑर्डर टाकणार तासाभराने. मग मी खरी वेळ टाकायला गेले की लाल अक्षरात "ऑर्डरच्या आधीची वेळ चालणार नाही". तुमच्याकडेही असंच असणार, पैज लावते. मग एकतर खोटी वेळ टाका नाहीतर डॉक्टरांचा पासवर्ड चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला चिकटवा, मी दोन्ही प्रकार बघितलेत. आणि सीनियर सरांना विचारून काय कळणार, ते राउंडला तोंडी सांगतात, लिहितात रेसिडेंट म्हणजे शिकणारे ज्युनियर डॉक्टर, देतो आम्ही. फार्मसीवाल्यांना तर कोणी विचारतच नाही.

अर्धवट_कोडर:
अहो तोच मेसेज आहे, जवळजवळ शब्दन् शब्द 😅 रिक्वायरमेंटमध्येच, म्हणजे काय बनवायचं त्या यादीतच, "आधी ऑर्डर, मग डोस" असं आलेलं. पण तो नियम काढला तर उद्या कोणीही ऑर्डरशिवाय औषध देईल, ऑडिटवाले सोडतील का?

स्टेथो_सोडलेला:
नियम काढू नका, तोंडी ऑर्डरला वेगळी वाट द्या. कोणी सांगितली, कोणी ऐकली, परत वाचून दाखवली का, आणि डॉक्टरांची सही नंतर ठरलेल्या वेळेत. ऑडिटलाही खोट्या वेळेपेक्षा हे बरं.

हे किरकोळ वाटतं पण नाहीये. पिट्सबर्गच्या मुलांच्या हॉस्पिटलमध्ये अशी ऑर्डर सिस्टीम आली तेव्हा पेशंट येऊन नोंदणी होईपर्यंत ऑर्डरच टाकता येत नव्हती, आधी गंभीर मूल वाटेत असतानाच तयारी सुरू व्हायची. २००५ च्या त्यांच्या पेपरमध्ये बाहेरून आणलेल्या मुलांमधला मृत्युदर २.८० वरून ६.५७ टक्क्यांवर गेल्याचं आहे. सगळा दोष सॉफ्टवेअरचा असं त्यावरून सिद्ध होत नाही, आधी-नंतरची तुलना आहे ती. पण गंमत अशी की सिएटलच्या मुलांच्या हॉस्पिटलने तीच सिस्टीम बसवली, आयसीयूतल्या नेहमीच्या ऑर्डरींचे सेट आधीच तयार ठेवले, आणि तिथे मृत्युदर वाढला नाही.

त्यामुळे कधी विचारायचं याचं उत्तर, रिक्वायरमेंट लिहायच्या आधी. डेमोला विचारणं म्हणजे बैल गेला आणि झोपा केला. इंग्लंडमध्ये तर असं सॉफ्टवेअर बनवणाऱ्याला क्लिनिकल सेफ्टी ऑफिसर, म्हणजे पेशंटच्या सुरक्षेकडे बघणारा माणूस, नेमावाच लागतो आणि तो नोंदणी असलेला डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट असाच कोणीतरी लागतो.

बगशोधक:
थोडा विरोधी सूर लावतो. डॉक्टर म्हणतील ते सगळं बनवत बसलात तरी वाट लागते. पाच डॉक्टर पाच स्क्रीन मागतात. प्रत्येकाला आपापल्या आवडत्या धोक्याचा पॉप-अप हवा, आणि वापरताना तेच न वाचता बंद करतात. २००६ च्या एका आढाव्यात औषधांचे ४९ ते ९६ टक्के अलर्ट डावलले जातात असं निघालं होतं. तेव्हा त्यांना स्क्रीन कशी हवी ते विचारू नका, काम कसं चालतं ते बघा, स्क्रीन तुम्ही ठरवा. आणि वेळ नाही म्हणतात कारण तुम्ही तो फुकट मागताय. आठवड्यातला अर्धा दिवस ड्यूटीत धरून, पैसे देऊन एखादा रेसिडेंट आणि एक सिस्टर मागा, आणि हे रिलीज जाणार नाही असं म्हणायचा अधिकार त्यांना द्या, नाहीतर नुसते शोभेला.

अर्धवट_कोडर:
पैशाचं मॅनेजरना सांगून बघतो, कठीण आहे. पण रात्रीच्या ड्यूटीला वॉर्डात बसायला मेट्रन तयार आहेत.

रात्रपाळी:
या की. फक्त फॉर्म-बिर्म घेऊन नको, आणि औषधं काढताना मध्ये प्रश्न विचारू नका, तिथे लक्ष गेलं की डोस चुकतो. राउंड झाला की विचारा काय ते. आणि जमलं तर तो लॉगिनचा टाइमआउट, थोडा वेळ हात लावला नाही की आपोआप बाहेर काढतो तो, तेव्हाच बघून घ्या, ग्लोव्ह्ज घालून दर पेशंटला पासवर्ड टाकायचा म्हणजे काय असतं ते.