अनुभव धागा: अभ्यासाकडे बघायची नजर आणि मार्क

मंडळी, भाचीचा नववीचा सहामाहीचा गणिताचा पेपर बघितला, शेवटची दोन पानं कोरी. चुकलेलं नाही, लिहिलंच नाही. म्हणते, "मावशी, मला गणित येतच नाही, मग कशाला लिहू?" तेव्हापासून चैन नाहीये. मुलांना अभ्यासाबद्दल जे वाटतं त्याचा मार्कांवर किती परिणाम होतो? नाशिककरांनो, स्वतःचं, घरातलं, जे घडलंय ते लिहा.

निफाडकर:
माझं उलटं झालं. गावात दहावीपर्यंत पहिला नंबर, सगळे हुशार हुशार म्हणायचे. अकरावीला गंगापूर रोडला क्लास लावला, तिथे सगळेच आपापल्या शाळेतून पहिले आलेले. पहिल्या टेस्टला फिजिक्समध्ये 100 पैकी 31. शंका विचारायची लाज वाटायची, विचारलं तर हुशार नाही हे कळेल ना सगळ्यांना, म्हणून वर्षभर गप्प बसलो. रूम पार्टनर रोज सरांना गाठून विचारायचा, दहावीला माझ्यापेक्षा कमी होते त्याला, बारावीला बराच पुढे गेला.

सिडकोची शिक्षिका:
निफाडकर, म्युलर आणि ड्वेक या मानसशास्त्रज्ञांचा अमेरिकेतला 1998 चा प्रयोग आहे यावरच. पाचवीच्या मुलांनी कोडी सोडवल्यावर काहींना "हुशार आहेस" म्हटलं, काहींना "मेहनत घेतलीस" म्हटलं. मग मुद्दाम खूप अवघड कोडी दिली आणि नंतर परत आधीसारखी सोपी. हुशार म्हटलेल्यांची सोपी कोडीसुद्धा आधीपेक्षा कमी सुटली, मेहनतवाल्यांची जास्त. पण नुसतं "तुला जमेल" म्हणून भागत नाही हो. माझ्या वर्गातला सातवीचा एक मुलगा गणिताच्या तासाला मान खाली घालून बसायचा, आळशी वाटायचा, खरी अडचण निघाली अपूर्णांकात, पाचवीपासूनची. पोळीचे तुकडे करून परत सगळं शिकवलं, चार उदाहरणं बरोबर आली तेव्हा कुठे त्याचा हात वर यायला लागला. आधी थोडं जमलं, मग आवडलं.

अंबडची ताई:
मी दहावी नापास, लग्न झालं, मी ढ हे डोक्यात पक्कं बसलेलं. पस्तिशीत आपल्या मुक्त विद्यापीठाचा पूर्वतयारीचा अभ्यासक्रम केला, मग बीए. कंपनीतून आल्यावर रात्री मुलाशेजारीच पुस्तक घेऊन बसायचे, कोणी अभ्यासाला बस म्हणत नव्हतं, मलाच करायचं होतं. 64 टक्के पडले!

धागाकर्ती:
मॅडम, तुमचं वाचून काल भाचीला विचारलं, 2/3 मोठा की 3/4? नाही सांगता आलं. रविवारी बसतोय दोघी, पोळ्या घेऊन.