मदत हवी आहे: टेन्शनने खरंच ब्लॉकेज होतं का?

कोयनाकाठ: दादाची परवा अँजिओप्लास्टी झाली, एलएडीला, म्हणजे हृदयाच्या पुढच्या मुख्य नसेला, ८० टक्के ब्लॉकेज निघालं. शुगर नाही, बीपी नाही, दारूला शिवत नाही. डॉक्टर म्हणाले टेन्शन कमी करा आणि गेले पुढच्या पेशंटकडे. दोन वर्षं सोसायटीच्या कर्जाचं चाललंय, रात्री दोन-दोनला उठून ओट्यापाशी नुसता उभा असायचा. त्यानेच झालं का हे? लवकर सांगा, उद्या डिस्चार्ज आहे.

निवांत७१: वय? एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल? घरात आधी कोणाला? तंबाखू?

पिंपळपान: मी अर्जुनाची साल दुधात उकळून घेतो आणि अनुलोम-विलोम, सहा वर्षं एक गोळी नाही. त्यांनाही तेच चालू करा.

निवांत७१: अहो कृपा करून असं सांगू नका. नवा स्टेंट आहे, म्हणजे नस उघडी ठेवणारी जाळी, रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या मनाने बंद केल्या तर स्टेंटमध्येच गुठळी होते.

पिंपळपान: गोळ्या बंद करा असं मी कुठे म्हटलं?

मंदाकाकू: मेडिक्लेम असेल तर स्टेंटचा स्टिकर आणि ओरिजिनल बिल मागून घ्या, आम्हाला त्यावरून तीन चकरा पडल्या.

कोयनाकाठ: वय ४६, एलडीएल १५८. वडील ५२ व्या वर्षी अटॅकनेच गेले. तंबाखू खातो पण आमच्याकडे सगळेच खातात.

लॅबवाली: मग एकट्या टेन्शनवर ढकलू नका. पण टेन्शनचा हात असतो हे खरं. २००४ च्या इंटरहार्ट अभ्यासात ५२ देशांत, भारतही त्यात, अटॅक आलेल्यांमध्ये ताण जास्त आढळला. २०१७ मध्ये २९३ जणांचे स्कॅन बघितले, मेंदूतला भीतीचा भाग, अमिग्डाला, ज्यांचा जास्त पेटलेला त्यांच्या अस्थिमज्जेची, म्हणजे हाडांत रक्तपेशी बनवणाऱ्या भागाची, धावपळ जास्त, नसांना सूज जास्त आणि पुढे हृदयाचा त्रासही जास्त. शिवाय टेन्शनमध्ये झोप जाते, तंबाखू वाढते.

गणू_कराड: माझी स्ट्रेस टेस्ट नॉर्मल आली, म्हणजे मला टेन्शन नाही ना?

लॅबवाली: ती पट्ट्यावर चालवून हृदयाची करतात, मनाची नाही.

कोयनाकाठ: वाढली होती हो तंबाखू, दिवसाला दोन पुड्या. आत्ता त्याच्या शर्टाच्या खिशातली काढून घेतली. पण काल घरी वसुलीची नोटीस आलीय, त्याला सांगू की दडवू?

निवांत७१: उद्या नको. आधी तुम्ही सोसायटीत जाऊन हप्ते पाडून मिळतात का बघा, मग कागद हातात घेऊनच सांगा.