स्टालिनची पहिली बायको, कातो

स्टालिनच्या बायकोचा विषय निघाला की सगळे नादेझ्दाबद्दलच लिहितात, १९३२ मधल्या तिच्या आत्महत्येबद्दल. पण ती दुसरी बायको. पहिली एकातेरिना स्वानिद्झे, घरच्यांची 'कातो'. तिफ्लिसमध्ये (आजचं त्बिलिसी) शिवणकाम करायची. १९०६ साली लग्न झालं, तेही चर्चमध्ये! नवरा पक्का नास्तिक, पोलिसांना चुकवत फिरणारा. पण कातो श्रद्धाळू, तिच्यापुढे त्याचं काही चाललं नाही. पुढच्या वर्षी याकोव्ह जन्मला आणि बिऱ्हाड बाकूला, तेलविहिरींच्या शहरात, हललं. तिथला उकाडा, तेलाचा वास, नवरा सदा बाहेर. ती खंगत गेली, तिफ्लिसला परतली आणि १९०७ सालच्या अखेरीस वारली. जेमतेम बावीस वर्षांची.

तान्ह्या याकोव्हला तिच्या माहेरच्यांनी वाढवलं. बापाचा पक्ष मॉस्कोत सत्तेवर आल्यावर, १९२१ च्या सुमारास, तो त्याच्याकडे राहायला गेला. पुढे जर्मनांच्या कैदेत १९४३ साली मेला.

आणि ज्या माहेराने पोर सांभाळलं, त्याचं काय झालं? कातोचा भाऊ अलेक्सांद्र याला जावयाच्याच राजवटीत १९४१ साली गोळी घातली. बहीण मारिकोलाही सोडलं नाही. कातो जगली असती तर तिची तरी गय झाली असती का, मला शंकाच आहे.