पहिल्या हिवाळ्यातला कुरव : तपकिरी डोक्याचा की काळ्या डोक्याचा? मदत हवी आहे

नमस्कार. तपकिरी डोक्याचा आणि काळ्या डोक्याचा कुरव (म्हणजे गल, पाणपक्षी) यांतली प्रौढ पाखरं मी बऱ्यापैकी ओळखतो. विणीच्या काळात दोघांचंही डोकं तपकिरीच दिसतं आणि हिवाळ्यात दोघांच्याही कानामागे फक्त गडद ठिपका उरतो, त्यामुळे डोक्यावर मी विसंबत नाही. डोळा पाहतो. तपकिरी डोक्याच्या प्रौढाची बुबुळं फिकट असतात, काळ्या डोक्याच्याची गडद. उडताना तर शंकाच नको: पहिल्याच्या पंखाचं टोक काळं आणि त्यात पांढरे ठिपके, दुसऱ्याच्या पंखाच्या पुढच्या कडेला लांब पांढरा पट्टा.

अडचण आहे ती पहिल्या हिवाळ्यातल्या पिल्लांची. या वयात तपकिरी डोक्याच्याचेही डोळे गडदच असतात, म्हणजे माझी सगळ्यात भरवशाची खूणच गेली. माझ्याकडे बसलेल्या पक्ष्याचे, पंख मिटलेले फोटो आहेत. शेपटीच्या टोकाला काळी पट्टी आहे, पण ती दोघांतही असतेच. चोच मला जाड वाटते, अंगानंही पक्षी थोराड आहे. तपकिरी डोक्याचा थोडा मोठा असतो हे खरं, पण शेजारी दुसरा कुरव नसताना आकारावरून ठरवायला मन धजत नाही.

मिटलेल्या पंखांवरून या वयाचे पक्षी वेगळे करता येतात का? चोचीच्या जाडीवर किती भरवसा ठेवावा? की उडतानाचा फोटो मिळेपर्यंत नोंदीत नुसतं 'कुरव' लिहावं? चुकीची नोंद जाऊ नये असं फार वाटतं. जाणकारांनी कृपया सांगावं.