अश्वगंधा हेअरी रूट: इएमएसने वाढलेलं विथॅनोलाइड तिसऱ्या सबकल्चरला गायब

कल्चररूम_धंतोली
नमस्कार मंडळी. ए४ स्ट्रेनने (अॅग्रोबॅक्टेरियम रायझोजिनिस जिवाणूचा एक वाण) केलेली अश्वगंधाची हेअरी रूट लाइन आहे, म्हणजे बाटलीत स्वतःच वाढत राहणारी मुळं. हार्मोनशिवाय, अर्ध्या एमएसच्या (निम्म्या ताकदीचं मुराशिगे-स्कूग पोषक माध्यम) द्रवात ३% साखरेवर मस्त वाढून राहिली आहे. विथॅनोलाइड ए (अश्वगंधातलं औषधी द्रव्य) वाढवायचं म्हणून इएमएस (इथाइल मिथेनसल्फोनेट, म्युटेशन म्हणजे जनुकांत बदल घडवणारं रसायन) दिलं. ०.५% रात्रभर ठेवलं तर दोन दिवसांत सगळी टोकं काळी. ०.२% चार तास दिल्यावर काही जगली, आणि पहिल्या सबकल्चरला (मुळं नव्या माध्यमावर हलवल्यावर) एचपीएलसीत (द्रव्यं वेगळी करून मोजणारं यंत्र) मूळ लाइनच्या दीडपट आकडा आला. तिसऱ्याला परत जैसे थे. डोस चुकतोय की निवड? गॅमा किरणांकडे वळावं का?

मुळाक्षर
०.५% रात्रभर हा बियाण्याचा हिशेब झाला, भाऊ. बीला टरफल असतं, मुळाचं टोक उघडंच. १४ दिवसांच्या, जोमात वाढणाऱ्या कल्चरमधून दीड ते दोन सेंमीची टोकं घ्या. ०.०५, ०.१, ०.२, ०.३% असे डोस, प्रत्येकाला किमान ३० टोकं, वेळ दोन तास, शेकर ६०-७० आरपीएम. सोबत नुसत्या बफरमधली टोकंही ठेवा, नाहीतर कापण्याचा धक्का कोणता आणि इएमएसचा कोणता, ते कळणार नाही. चार आठवड्यांनी लांबी आणि ओलं वजन बघा. वाढ साधारण निम्मी राहते तो डोस तुमचा.

इएमएस साध्या पाण्यात घालू नका. ते पाण्यात फुटतं तसं मिथेनसल्फोनिक आम्ल तयार होतं, पीएच घसरतो, आणि मुळं म्युटेशनने नव्हे, आम्लाने काळी पडतात. ०.१ मोलर फॉस्फेट बफर, पीएच ७. ऑटोक्लेव्ह अजिबात नाही, ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा.

दुसरं, तापमान. पाण्यात इएमएसचं अर्धआयुष्य २० अंशांना सुमारे ९३ तास, ३० अंशांना सुमारे २६. नागपुरात मे महिन्यात एसी बंद पडून खोली ३४ वर गेली, की कागदावरचा ०.२% मुळांसाठी ०.२% राहत नाही. शेकरवर थर्मामीटर ठेवा आणि डोससोबत तापमानही वहीत लिहा.

आडव्या लॅमिनारसमोर (जंतुविरहित हवेच्या झोताचं कपाट) बाटली उघडू नका, वाऱ्याचा झोत सरळ तोंडावर येतो. फ्यूम हूड आणि नायट्राइल हातमोजे हवेतच. उरलेलं द्रावण आणि धुण्याचं पाणी १०% सोडियम थायोसल्फेटमध्ये २४ तास ठेवून मगच घातक कचऱ्यात, सिंकमध्ये नाही.

पेरिसायकल
डोस सुधारेल, पण दीडपट नाहीसं होण्याचं कारण निवडीत आहे. पहिल्या सबकल्चरला दिसलं तो बहुधा ताण होता. जखम झाली, रसायन लागलं, की मुळं काही काळ विथॅनोलाइड जास्त करतात. मिथाइल जॅस्मोनेट (वनस्पतीतलं ताणाचं संप्रेरक) दिल्यावर करतात तसंच. पाचव्या सबकल्चरच्या आधीचा आकडा निवडीसाठी धरूच नका.

शिवाय टोकात पुष्कळ पेशी असतात, म्युटेशन एखाद्या पेशीत होतं. गुच्छच्या गुच्छ पुढे नेला की साध्या पेशी म्युटंटला गिळतात. फुटलेलं एकेक उपमूळ वेगळं कापा, त्याला नंबर द्या, आणि त्याच्याही एकाच उपमुळावरून पुढची पिढी घ्या. असं तीन-चार वेळा.

आणि अपेक्षा थोडी आवरा. भाभा अणुसंशोधन केंद्र आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचा टीएजी-२४ भुईमूग म्युटंट वंशावळीतूनच आला, पण तिथे बी धरता येतं. रिसेसिव्ह गुण (जनुकाच्या दोन्ही प्रती बदलल्या तरच दिसणारा) एम२ पिढीत, म्हणजे म्युटेशन दिलेल्या झाडांच्या बियांतून उगवलेल्या पिढीत, उघडा पडतो. मुळाला फूल कुठून येणार? म्हणून तुमच्या हाती लागणार ते फक्त डॉमिनंट किंवा अर्ध्या मात्रेतही दिसणारे बदल. ३० टोकांत ते सापडलं तर नशीब. डोस ठरला की टोकं शेकड्यांत घ्या.

तुलना त्याच मूळ लाइनशी, त्याच दिवशी, त्याच बॅचच्या माध्यमावर. दुसऱ्या हेअरी रूट लाइनशी नको. टी-डीएनए (जिवाणूने मुळाच्या जनुकांत घुसवलेला तुकडा) कुठे बसला यावरच लाइन-लाइनमध्ये फरक पडतो.

इतवारी_अर्क
एक टोचणी माझी पण. ग्रॅममागचा आकडा बघून हुरळू नका. समजा, म्युटंट २ मिग्रॅ प्रति ग्रॅम देतो पण लिटरला सुकं वजन ४ ग्रॅम. मूळ लाइन १.२ मिग्रॅ देते आणि ९ ग्रॅम वाढते. ८ विरुद्ध १०.८ मिग्रॅ, मूळ लाइनच पुढे. मुळं ४० अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत सुकवा. ओलावा राहिला की सगळा हिशेब बिघडतो. एचपीएलसीत २२७ नॅनोमीटरला बाकीचे विथॅनोलाइडही दिसतात, म्हणून शुद्ध स्टँडर्ड मिसळून पीक (आलेखातला उंचवटा) पक्का करा.

कल्चररूम_धंतोली
डोळे उघडले, आभारी आहे. आणि गॅमाचं काय?

पेरिसायकल
गॅमाला रसायनाची भानगड नाही. १० ते ५० ग्रेच्या (किरणमात्रेचं एकक) दरम्यान चार-पाच डोस लावा, निम्म्या वाढीचा नियम तोच. पण माध्यमासकट किरणोत्सार दिला तर साखर फुटून विषारी पदार्थ तयार होतात, म्हणून परत आल्याबरोबर टोकं नव्या माध्यमावर हलवा. ट्रॉम्बेला, भाभा केंद्रात, नेणार असाल तर काही पेट्री डिश सोबत नुसत्याच फिरवून आणा, किरण न देता. गाडीतले हेलकावे आणि उकाडा त्यांनाही बसला पाहिजे, तोच तुमचा खरा कंट्रोल.