मदत हवी आहे: दिवाळीच्या सुट्टीत मालवण-तारकर्लीला परवडणारी खोली

भाऊबीजेनंतर तीन रात्री, आम्ही चौघं. एका खोलीला रात्री १५०० पर्यंत, अशा दोन हव्यात. आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे तळमजला आणि कमोड हवाच. एसी नसला तरी चालेल. रेल्वेने कुडाळला उतरणार, गाडी सोबत नाही.

अ‍ॅपवर किनाऱ्यालगतचे दर त्या आठवड्यात जवळपास दुप्पट दिसतायत. देवबागच्या काही घरगुती निवासांना थेट फोन केले. दर कमी आहेत, पण जेवण तिथेच घ्यायची अट आणि पूर्ण पैसे आगाऊ. (मला सुरमई चालेल हो, आईबाबा शाकाहारी आहेत!)

मालवणात एसटी स्टँडजवळ राहून तारकर्लीला रिक्षाने ये-जा केली तर स्वस्त पडेल, की वाचलेले पैसे रिक्षातच जातील? आणि थेट बुकिंगला आगाऊ साधारण किती द्यावेत?