२०११ चं नोंदवलेलं मृत्युपत्र: पुरवणी जोडावी की नवीनच करावं?

विडीघरकुल
नमस्कार मंडळी. आमच्या काकांचं (वय ७६) मृत्युपत्र २०११ मध्ये सोलापुरात दुय्यम निबंधकांकडे नोंदवलेलं आहे. पूर्व भागातलं घर आणि आठ मागांची शेड थोरल्या मुलाला, जुळे सोलापुरातला प्लॉट धाकट्याला, दागिने धाकट्या सुनेला आणि मोहोळ तालुक्यातली शेती दोघा मुलांत निम्मी-निम्मी, असं त्यात आहे. त्यानंतर थोरला मुलगा वारला. त्याची बायको आणि दोन मुलं आहेत. प्लॉट विकून होटगी रोडला फ्लॅट घेतला, पाच माग विकले, धाकट्याचा घटस्फोट झाला. एक साक्षीदार आता हयात नाही. मुलीचं नाव तेव्हा घातलं नव्हतं, आता तिलाही द्यायचं आहे. पुरवणी मृत्युपत्र (मूळ मृत्युपत्र तसंच ठेवून त्यात बदल सांगणारा जोडकागद) पुरेल का? आणि नोंदवलेलं मृत्युपत्र रद्द करायला कोर्टात जावं लागतं का?

सातरस्ता_दस्त
कोर्टाचा काही संबंध नाही. मृत्युपत्र करणारा शुद्धीवर असेपर्यंत कधीही ते बदलू किंवा रद्द करू शकतो. भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५, कलम ६२.

पुरवणी करू नका. व्यवस्थापक (मृत्यूनंतर मृत्युपत्राप्रमाणे वाटप करणारा) बदलायचा किंवा एखादी मिळकत वाढवायची, एवढ्यापुरती पुरवणी ठीक असते. इथे जवळजवळ प्रत्येक कलम हललं आहे. दोन कागद एकत्र वाचताना पहिल्यातलं काय उरलं, यावरच भांडणं होतात.

काहीच केलं नाही तर काय होईल ते बघा. प्लॉट काकांच्या नावावर राहिलेला नाही, म्हणजे धाकट्याला दिलेली ती देणगीच संपली (कलम १५२). त्या पैशातून घेतलेला फ्लॅट आपोआप त्याच्याकडे जात नाही. मृत्युपत्रात 'उर्वरित सर्व मिळकत अमुक व्यक्तीला' असं कलम नसेल, तर फ्लॅट हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे काकू, धाकटा, मुलगी आणि थोरल्याची शाखा यांच्यात समान वाटला जाईल.

थोरल्याचं उलट आहे. लाभ घेणारा आधीच वारला तर सहसा देणगी बुडते. पण तो मुलगा असेल आणि त्याला मुलं असतील, तर कलम १०९ प्रमाणे ती टिकते. तो काकांच्या लगेच नंतर वारला असं धरलं जातं. म्हणजे घर आणि शेड त्याची बायको, दोन मुलं आणि हयात असतील तर काकू, अशा चौघांत जाईल. काकांच्या मनात फक्त नातवंडं असतील, तर तसं लिहावंच लागेल.

घटस्फोटानं सुनेला दिलेलं आपोआप रद्द होत नाही. आणि ते दागिने काकूंचं स्त्रीधन असतील तर काका ते लिहून देऊच शकत नाहीत. काकूंनी स्वतःचं मृत्युपत्र करावं. तीच गोष्ट शेतीची: वडिलोपार्जित असेल तर काकांना फक्त स्वतःचा हिस्सा देता येतो, आणि त्या शेतीत मुलीचा जन्मतःच हक्क आहे. सात-बारा आणि जुने फेरफार (जमिनीच्या मालकीबदलाच्या नोंदी) काढून हे आधी ठरवा.

मागांची संख्या लिहू नका. 'सदर शेडमध्ये माझ्या मृत्यूसमयी असलेले सर्व माग व यंत्रसामग्री' असं लिहा, म्हणजे विक्री-खरेदी झाली तरी कलम जुनं होत नाही. शेडवर बँकेचा बोजा असेल तर तो कोणी फेडायचा तेही घाला. नाहीतर शेड घेणाऱ्याच्याच गळ्यात पडतो.

कंबरतलाव
वरचं सगळं बरोबर. करण्याच्या पद्धतीबद्दल थोडं.

सुरुवातीलाच: 'यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे व पुरवण्या मी रद्द करीत आहे, विशेषतः दस्त क्रमांक …, दिनांक …'. जुना कागद फाडून भागवू नका. त्याची नोंद निबंधकांच्या पुस्तक क्रमांक ३ मध्ये राहते आणि मृत्यूनंतर कोणीही नक्कल काढून पुढे करू शकतो. पेनानं खाडाखोड तर नकोच. शेजारी काकांची आणि दोन्ही साक्षीदारांची सही नसेल तर ती धरली जात नाही.

साक्षीदार दोन, काकांपेक्षा वयानं बरेच लहान, आणि मृत्युपत्रातून काहीही न मिळणारे. प्रत्येकानं काकांना सही करताना पाहायचं आणि काकांच्या समोरच स्वतःची सही करायची. एक साक्षीदार वारल्यानं जुना दस्त बाद झालेला नाही, पण पुढे वाद झाला तर हयात साक्षीदारांपैकी निदान एकाला कोर्टात यावं लागतं (भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३, कलम ६७). दोघेही गेले की हस्ताक्षर सिद्ध करत बसावं लागतं.

पूर्व भागातल्या घरांत एक गोष्ट हमखास राहून जाते. काका घरात तेलुगू बोलत असतील आणि मसुदा मराठीत असेल, तर 'मजकूर तेलुगूत वाचून दाखवला, समजला, मान्य आहे' हे वाक्य आणि वाचून दाखवणाऱ्याची सही घ्या. त्याच दिवसाचा डॉक्टरांचा दाखलाही जोडा.

नोंदणी सक्तीची नाही, नंतरचं बिननोंदणीचं मृत्युपत्रही आधीचं नोंदवलेलं रद्द करू शकतं. पण जुनं नोंदवलेलं असताना नवं न नोंदवणं म्हणजे संशयाला आमंत्रण. मुद्रांक शुल्क लागत नाही, नोंदणी फी १०० रुपये. काकांना जिना चढवत नसेल तर गृहभेटीसाठी अर्ज करता येतो.

विडीघरकुल
खूप आभार. बँकेत आणि विम्यात नॉमिनी अजून थोरलाच आहे. नव्या मृत्युपत्रानं ते बदलेल का?

सातरस्ता_दस्त
नाही, प्रत्येक ठिकाणी वेगळा फॉर्म भरा. बँकेच्या बाबतीत नॉमिनी पैसे स्वीकारतो, मालक वारसच. शेअर्सबद्दलही सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं. विम्यात मात्र २०१५ च्या दुरुस्तीनंतर पत्नी किंवा मुलं नॉमिनी असतील तर रक्कम त्यांचीच मानण्याची तरतूद आहे, म्हणून तिथलं नाव मृत्युपत्राशी जुळवूनच घाला. बँक ठेवींना १ नोव्हेंबर २०२५ पासून चार नॉमिनी आणि त्यांची टक्केवारी देता येते, म्हणजे मुलीचं नावही तिथे बसेल. फॉर्म दिल्याची पोच घ्या आणि मृत्युपत्राच्या प्रतीसोबत मृत्युपत्रात नेमलेल्या व्यवस्थापकाकडे ठेवा.